वाचक विचारतात : सोआवे, मांडवाखालची व्हाइट वाईन

मागच्या अंकात इटलीतल्या सोआवे या व्हाइट वाईनवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. व्हेरोनाच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर सोआवे नावाचं तटबंदीचं गाव आहे, त्याच्या मागच्या टेकड्यांवर गार्गानेगा नावाचं द्राक्ष मांडवावर पिकतं आणि त्याची ही वाईन, एवढंच त्यात होतं. मी नोकरीनिमित्त चार वर्षं व्हेरोनात राहिले आणि या वाईनवर माझा मनापासून जीव आहे, तेही त्यात लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना सगळा सोआवेलाच दिलाय.

पुण्याहून एक वाचक लिहितात : कंपनीच्या कामासाठी सहा महिने जर्मनीत होतो. तिथे सुपरमार्केटमध्ये सोआवे सगळ्यात खालच्या फळीवर, अगदी स्वस्त मिळायची. दोनदा आणली, दोन्ही वेळा पाण्यासारखी लागली. तुम्ही एवढं कौतुक केलंत, मग माझं काय चुकलं?

तुमचं काहीच चुकलं नाही, तुम्हाला मिळाली ती खरंच पातळ असणार. 1931 साली या वाईनचा मूळ टापू सरकारी कागदावर आखला गेला, तेव्हा तो फक्त टेकड्यांचा होता, म्हणजे सोआवे आणि शेजारचं मोंतेफोर्ते दाल्पोने या दोन गावांच्या मागचा चढ. मग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या वाईनला प्रचंड मागणी आली, 1960 आणि 70 च्या दशकात तिथल्या इटालियन हॉटेलांत व्हाइट म्हटलं की सोआवेच यायची. टेकड्यांवरचं द्राक्ष पुरेना, म्हणून 1968 मध्ये डीओसीचा, म्हणजे ठरलेल्या हद्दीतल्या वाईनलाच ते नाव लावण्याचा, कायदेशीर दर्जा मिळाला तेव्हा हद्द खाली सपाटीपर्यंत नेली गेली. सपाटीची माती गाळाची, खोल, पाणी भरपूर, त्यामुळे वेल नुसता वाढत सुटतो, घड लदालदा लागतात आणि रसात दम राहत नाही. बाटलीवर नाव मात्र तेच. भाव पडले, नाव बदनाम झालं, आणि टेकडीवर मरमर मरणाऱ्या शेतकऱ्यालाही सपाटीचाच भाव मिळायला लागला. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही, सगळं काम हातानेच करावं लागतं.

त्या वाईट काळातही काही घराण्यांनी हट्ट सोडला नाही. पिएरोपान या घराण्याने 1971 मध्ये काल्वारिनो नावाच्या एकाच टेकडीची वाईन वेगळी बाटलीत भरली, तेव्हा सोआवेत असं कुणी करत नव्हतं. आता तर या भागातल्या 33 टेकड्या-उतारांची नावं कायद्याने मान्य झालीत आणि ती लेबलवर छापता येतात. पुढच्या वेळी बाटलीवर नुसतं सोआवे न बघता क्लासिको हा शब्द आहे का बघा, तो असला की द्राक्ष जुन्या टेकड्यांवरचं. थोडे जास्त पैसे जातील पण एकदा पिऊन बघा आणि मला परत लिहा.

दिंडोरी तालुक्यातून एक द्राक्ष बागायतदार : तुम्ही लिहिलंत की तिकडे वाईनचं द्राक्ष मांडवावर असतं. आमच्याकडे वाईनरीवाले तर सांगतात की मांडव नको, तारांवर उभी भिंत करा. मग इटलीत कसं चालतं?

दादा, सगळ्या पत्रांत तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण पहिल्यांदा त्या बागेत शिरले तेव्हा मलाही अगदी आपल्याकडच्या मांडवाखाली आल्यासारखं वाटलं होतं. तिकडे त्याला पेर्गोला वेरोनेसे म्हणतात. खोड साधारण माणसाच्या उंचीला नेतात आणि तिथून ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना, किंचित वर चढत जाणाऱ्या छपरासारखे बांधतात. आपला मांडव सपाट असतो, हा तिरका, आणि दोन ओळींच्या मधे वर आभाळाची फट उघडी राहते. घड खाली लोंबतात, पानं वर.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोंतेफोर्तेला एका ओळखीच्या कुटुंबाच्या बागेत तोडणीला गेले होते. मान वर करून, डावा तळहात घडाखाली धरून उजव्या हातातल्या छोट्या कात्रीने देठ कापायचा, घड हातात पडतो तो लांब, विस्कळीत, अंगाला एक छोटा जोडघड लागलेला. उन्हाकडच्या बाजूचे मणी सोनेरी तांबूस आणि सावलीकडचे अजून हिरवट, एकाच घडात दोन्ही रंग. साल जाड, चावली की तोंडात थोडा तुरटपणा राहतो. अर्ध्या तासात बोटं चिकट होतात आणि मान भरून येते, शेजारी काम करणाऱ्या सत्तरीच्या आजी मात्र थांबत नव्हत्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गार्गानेगा हा फार जोमाने वाढणारा वेल, आणि काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, त्याला घड कमी येतात, म्हणून काडी आखूड ठेवून चालत नाही, लांब ठेवावी लागते, आणि लांब काडीला पसरायला जागा लागते ती मांडवावर मिळते. दुसरं म्हणजे हे द्राक्ष उशिरा पिकतं, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तोपर्यंत उन्हाळ्याचं कडक ऊन खाऊन मणी करपू नयेत म्हणून वरची पानं कामाला येतात, आणि घड मोकळे लोंबत असल्यामुळे खालून वारा खेळतो. मधल्या काळात तिकडेही बऱ्याच जणांनी मांडव काढून तारांची भिंत केली होती, पण उन्हाळे तापायला लागलेत तसं जुन्या मांडवाचं महत्त्व लोकांना परत पटायला लागलंय. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने सोआवेच्या या पारंपरिक बागांना जागतिक कृषी वारशाच्या यादीत घेतलं.

पण यावरून लगेच आपल्याकडे वाईनच्या वाणाला मांडव करा असं मी सांगणार नाही. तुमच्याकडे चेनिन किंवा सोव्हिन्यो असेल तर त्या वाणांची सवय वेगळी, घड लहान आणि घट्ट, फवारणी आणि ऊन दोन्ही घडापर्यंत पोचायला भिंतच सोयीची. शिवाय तिकडे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, थंडीत एकदाच छाटणी, वर्षातून एकच सायकल. आपला वेल झोपतच नाही म्हणून आपल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि मग पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते. आणि उताऱ्याचं गणित बघा, सोआवे सुपेरिओरे या वरच्या दर्जाला हेक्टरी 10 टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी चार टन. खायच्या द्राक्षाला आपण एकरी दहा-बारा टन सहज बोलतो. घड मांडवावर असो की भिंतीवर, वेलावर ओझं किती ठेवलं यावरच रसाचा दम ठरतो.

अजून एक गोष्ट तुम्हाला आवडेल. सोआवेच्या पूर्वेकडच्या टेकड्यांचा दगड बेसॉल्ट आहे, जुन्या ज्वालामुखीचा काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीच्या जातीचाच. पश्चिमेकडे मात्र चुनखडी लागते. तिथली माणसं दोन्हीकडची वाईन शेजारी शेजारी ग्लासात ओतून फरक दाखवतात, काळ्या मातीची थोडी खारट, दगडी वासाची, आणि चुनखडीची जास्त फुलांच्या वासाची. मला पहिल्यांदा काहीच कळलं नव्हतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळायला लागलं.

ठाण्याहून एक वाचक : मुलगा आणि सून व्हेरोनाला फिरून येताना सोआवे क्लासिकोची बाटली घेऊन आलेत. घरात आम्ही कोकणातले, मासे खाणारे. याच्याबरोबर काय करू? मसालेदार चालेल का?

ताई, आधी तिकडे काय खातात ते सांगते, मग आपल्या स्वयंपाकघरात येऊ. व्हेरोनाच्या दक्षिणेला इसोला देल्ला स्काला नावाचा भाताचा पट्टा आहे, तिथे व्हिआलोने नानो नावाचा आखूड, गोलसर तांदूळ होतो, त्याचा रिझोत्तो म्हणजे आपला आसट भातच म्हणा, सोआवेबरोबर घरोघरी असतो. व्हेनिसकडे रिझी ए बिझी करतात, म्हणजे तांदूळ आणि कोवळे मटार, पातळसर, जुन्या काळी 25 एप्रिलला संत मार्कोच्या दिवशी तो व्हेनिसच्या सत्ताधीशाला वाढायचा मान होता. वसंतात पांढरा ॲस्परॅगस आणि उकडलेली अंडी. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे सार्दे इन साओर, तारली तळून घ्यायची, भरपूर कांदा मंद आचेवर मऊ करून त्यात व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोज्यासारखे पाइन नट घालायचे, आणि हे सगळं माशांवर थर देऊन एक-दोन दिवस मुरवत ठेवायचं. जहाजावर टिकावं म्हणून खलाशांनी काढलेली युक्ती ती. शेजारच्या व्हिचेन्झात तर नॉर्वेचा वाळवलेला कॉड दूध आणि कांद्यात तासन्‌तास शिजवतात. आपण सुके मासे खाणारी माणसं, आपल्याला त्याचा वास परका वाटत नाही.

या सगळ्या पदार्थांत एक सारखेपणा बघा, तिखट कुठेच नाही. सोआवे ही नाजूक वाईन आहे, मद्यार्क साधारण 12 ते 12.5 टक्के, वास पांढऱ्या फुलांचा, पिकलेल्या पेअरचा, आणि घोट गिळल्यावर शेवटी बदामाच्या सालीसारखा अगदी हलका कडवटपणा. तो कडवटपणा हीच तिची ओळख. लाल मिरचीच्या कालवणाबरोबर तो तर हरवतोच, वर मद्यार्कामुळे मिरचीची आग अजून भडकते. त्यामुळे तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांबडा रस्सा, कोळी मसाल्याची कोलंबी हे त्या दिवशी नको. चिंच-गुळाच्या आमटीबरोबरही नको, गोडामुळे वाईन आंबट लागते.

करायचं काय तर पापलेट किंवा मुडदुशे, नुसतं मीठ, हळद, लिंबू लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले. ओले बोंबील दाबून, पाणी काढून, रव्यात कुरकुरीत केलेले, मिरची पूड अगदी नावाला. तळलेल्या माशाचं तेल या वाईनच्या आंबटपणाने छान कापलं जातं. आणि दुसरा पदार्थ ज्याचा कुणी विचार करत नाही तो म्हणजे डाळिंब्यांची उसळ. सोललेले वाल, ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची कमी आणि गूळ नेहमीच्या निम्माच, त्याच्यापेक्षा जास्त नको. वालाचा स्वतःचा एक हलका कडवटपणा असतो ना, तो आणि वाईनचा बदामी कडवटपणा असे काही जमतात की मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मैत्रिणीने वाटी पुसून खाल्ली, ती व्हेरोनाची, तिने आयुष्यात वाल पाहिले नव्हते. मटारभातही चालेल, पण गरम मसाला टाळा आणि वरून तूप-खोबरं सढळ हाताने.

सोलकढी मात्र जेवण झाल्यावर द्या, वाईनबरोबर नको, कोकमाच्या आंबटापुढे तिचं काही चालत नाही.

कोथरूडहून : आम्ही शाकाहारी आहोत. वाईन शाकाहारी असते असं मी धरून चालले होते, पण कुणीतरी अंड्याचं काहीतरी सांगितलं. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. वाईन गाळताना ती स्वच्छ करायला काही जण अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासून काढलेला एक पदार्थ वापरतात, तो खाली बसतो आणि काढून टाकला जातो. व्हाइट वाईनला बेंटोनाइट नावाची मातीसुद्धा सर्रास वापरतात. अंडं किंवा दुधाचा अंश उरला असेल तर युरोपातल्या बाटलीवर तसं छापावं लागतं. तुम्हाला खात्रीच हवी असेल तर मागच्या लेबलवर व्हीगन लिहिलेली बाटली घ्या.

डोंबिवलीहून : एका दुकानातून बरीच महाग सोआवे घेतली, ड्युटीमुळे इथे भाव तिप्पट वाटतो. उघडली तर रंग पिवळाजर्द आणि वास शिळ्या सफरचंदासारखा. दुकानदार म्हणतो अशीच असते. खरं काय?

अशी नसते. ती बाटली उन्हात तापलेली किंवा फार दिवस पडून राहिलेली होती. माझ्याही बाबतीत हे एका दुकानात झालंय, बाटली शोकेसमध्ये दिव्याखाली उभी होती आणि मी नाव बघून भुलले, पैसे गेले ते गेलेच. आपल्याकडे बंदरावर, गोदामात, टेम्पोत, कुठेही बाटली चाळीस अंशांत दिवसभर राहू शकते आणि नाजूक व्हाइट वाईनला ते सहन होत नाही. म्हणून घेताना तीन गोष्टी बघा, दुकानात एसी चोवीस तास चालू असतो का, बाटली आडवी ठेवलीये का उभी, आणि लेबलवरचं साल. साधी सोआवे दोन-तीन वर्षांच्या आतलीच घ्या. टेकडीवरच्या चांगल्या बाटल्या मात्र नीट ठेवल्या तर आठ-दहा वर्षंसुद्धा छान मुरतात, त्यांचा रंग सोनेरी होतो पण वास मधासारखा, बदामासारखा येतो, शिळा येत नाही. आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बुचाचा दोष, ती बाटली बिल दाखवून परत करा, लाजू नका.

प्यायच्या आधी फ्रिजमध्ये दोन-तीन तास पुरे, आणि ग्लासात ओतायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. 10 ते 12 अंश बरोबर. बर्फासारखी गार केली की वास सगळा मिटून जातो आणि मग लोक म्हणतात की हिला चवच नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तीन.

सोलापूरहून : एवढी महाग आणि बेभरवशाची असेल तर आपल्या महाराष्ट्रात तिच्या जवळपासचं काही मिळतं का?

गार्गानेगाची आपल्याकडची वाईन मी तरी प्यायलेली नाही. पण हलक्या माशाच्या जेवणाबरोबर नाशिकची चेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ सुरेख जाते, फक्त चेनिन घेताना ड्राय आहे का ते विचारा, आपल्याकडे बऱ्याच चेनिन थोड्या गोडसर असतात. आणि तुमच्या जिल्ह्यातच अकलूजला फ्रातेली आहे, फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ-भाऊ, मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली, वाईन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले होते. एकदा जाऊन बाग बघा, जवळच आहे तुम्हाला.

तासगावहून एक वाचक : आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. इटलीत द्राक्ष वाळवून वाईन करतात असं ऐकलंय. ती हीच का?

हीच, पण तिचं गोड भावंड. रेचोतो दी सोआवे. गार्गानेगाचे निवडक घड तोडून माळ्यावर नेतात, आणि तिथे बांबूच्या किंवा लाकडी फळ्यांवर पसरतात, काही ठिकाणी दोऱ्यांना उभे टांगतात, आणि खिडक्या उघड्या ठेवून चार-पाच महिने सुकू देतात. तुमच्या शेडमध्ये जाळ्यांवर डिपिंग केलेला, म्हणजे द्रावणात बुडवून काढलेला, माल पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो कारण तुमच्याकडे कोरडी हवा आणि ऊन आहे. तिकडे थंडी आणि धुकं, त्यामुळे सगळं सावकाश. पार वाळवत पण नाहीत, वजन निम्म्याच्या आसपास आलं की थांबतात, मग तो घट्ट रस पिळून आंबवतात, आणि साखर एवढी असते की सगळी आंबत नाही, गोडवा राहतो.

मी फेब्रुवारीत अशा एका माळ्यावर गेले होते. पायऱ्या चढतानाच मध आणि जर्दाळूचा वास आला. घड सुरकुतलेले, गुलाबी तपकिरी, काहींवर करड्या बुरशीची बारीक लव, जी या वाईनला चालते, आणि मालकीणबाई प्रत्येक घड उचलून वास घेऊन खराब मणी नखाने काढून टाकत होत्या. तुमच्याकडे बायका बेदाणा निवडतात ना, अगदी तशा, मान खाली घालून, गप्पा मारत.

ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजाचा मंत्री कास्सिओदोरूस याने व्हेरोनाकडच्या अशा वाळवलेल्या द्राक्षाच्या वाईनबद्दल पत्रात लिहून ठेवलंय. रेचोतो हे नाव रेचे या तिकडच्या बोलीतल्या शब्दावरून, म्हणजे कान, कारण पूर्वी घडाच्या वरचे दोन्ही बाजूंचे कान, ज्यांना ऊन जास्त मिळतं, तेवढेच घ्यायचे. 1998 मध्ये तिला डीओसीजीचा सर्वोच्च दर्जा मिळाला, व्हेनेतो प्रांतात हा मान मिळवणारी पहिली वाईन हीच. व्हेरोनाच्या पान्दोरो केकबरोबर नाताळात पितात, आपल्याकडे मी नानकटाई आणि खुसखुशीत शंकरपाळ्यांबरोबर दिली आहे आणि दोन्ही जमलं. पुरणपोळीबरोबर नाही जमलं, पुरण तिच्याहून गोड होतं आणि वाईन फिकी पडली.

मिलानोहून, तिथे शिकायला असलेला एक विद्यार्थी : एका दिवसात जाऊन येता येईल का? गाडी नाहीये.

येईल रे. मिलानोहून व्हेरोना पोर्ता नुओव्हा, तिथून व्हेनिसच्या दिशेची साधी लोकल पकडून सान बोनिफाचोला उतर, तिथून सोआवे अगदी जवळ, बस मिळते नाहीतर टॅक्सी. चौदाव्या शतकात व्हेरोनाच्या स्कालिजेरी घराण्याने वाढवलेला किल्ला आधी बघ, वरच्या बुरुजावरून एका बाजूला सपाटी आणि दुसऱ्या बाजूला टेकड्या दिसतात, पुण्याच्या वाचकांना वर जे सांगितलं ते तुला नुसत्या डोळ्यांनी कळेल. मग किल्ल्यामागच्या रस्त्याने बागांमध्ये चालत जा, दगडी बांधांच्या मधून. सप्टेंबरच्या शेवटी गेलास तर तोडणी चालू असेल, कुणाच्या बागेत न विचारता शिरू नकोस, पण बांधावरून नमस्कार केलास तर चार मणी हातावर ठेवतीलच. परत जाताना शेवटची गाडी किती वाजता ते आधीच बघून ठेव, रविवारी गाड्या कमी असतात.